चार स्वरांचा संसार

मराठी भाषेंत 'चार' या संख्येचा मान कांहीं निराळाच आहे. पाहुण्याला आपण चार घास खाऊन जाण्याचा आग्रह करतों, मुलाला चार पैसे गांठीला बांधावयास सांगतों, चारचौघांत जपून बोलतों, आणि कोणी फारच शेफारलें तर 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' याची त्याला आठवण देतों. या चारांत मोजणी अशी फारशी नसते. थोडें परंतु पुरेसें, एवढाच त्याचा अर्थ. संगीताविषयीं चार शब्द लिहावयास बसलों असतां ही संख्या मनांत आली ती मात्र अर्थाच्या ओघांत नव्हे, मोजणीच्या ओघांत. आपण सारे सात सुरांचे अभिमानी. तरीही स्वरांच्या मालिकेला आपण जें 'सरगम' असें नांव दिलें आहे त्यांत स्वर किती आहेत? सा, रे, ग, म, असे चारच. पुढचे तीन स्वर नांवांतून गळले, आणि कोणाला त्याची खंतही वाटली नाहीं. ही नुसती उच्चाराची सोय असेल. परंतु गाण्याचें मूळ माप सप्तक नसून त्याच्या निम्म्याएवढा हा चार स्वरांचा तुकडाच आहे, असें जगांतील अनेक जुन्या संगीतज्ञांनीं मानलें आहे. त्या तुकड्याची ही हकीकत आहे.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. गाणें हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु माझ्या विषयाचा आणि गाण्याचा एक सांधा प्रयोगशाळेंत आहे. लांकडी पेटीवर दोन तारा ताणून बसविलेल्या असतात, एकीच्या खालीं सरकती घोडी असते आणि शेजारीं मोजपट्टी. या उपकरणास सोनोमीटर म्हणतात. दरवर्षीं नादाचा धडा आला कीं मी दोन्ही तारा एका सुरांत लावतों आणि लांबी ७२ सेंटिमीटर ठेवतों, कारण ७२ ला पुष्कळ संख्यांनीं निःशेष भाग जातो. मोकळ्या तारेचा नाद हा षड्ज समजावा. एक तार तशीच झंकारत ठेवून दुसरीची घोडी सरकवावी. लांबी ५४ झाली, म्हणजे पाऊण तार उरली, कीं मध्यम वाजतो. ४८ झाली, म्हणजे दोन तृतीयांश उरली, कीं पंचम. बरोबर अर्ध्यावर, ३६ ला, वरचा षड्ज. वर्गांत गाणें शिकलेलीं मुलें दोन-तीनच असतात. पण या तीन जागा आल्या कीं साऱ्या वर्गाच्या चेहऱ्यावर समाधान उमटतें. घोडी थोडी जरी ढळली तरी ज्यानें जन्मांत तंबोरा पाहिला नाहीं असा मुलगाही कपाळाला आठी घालतो. या जागा शिकवाव्या लागत नाहींत. त्या तारेंत आहेत आणि कानांतही आहेत.

आतां आंकड्यांकडे पाहावें. ७२ चें ५४ शीं जें नातें, तेंच ४८ चें ३६ शीं आहे. दोन्ही ठिकाणीं चारास तीन. म्हणजे षड्जापासून मध्यमापर्यंत जेवढें अंतर, तेवढेंच पंचमापासून वरच्या षड्जापर्यंत. मध्यें ५४ पासून ४८ पर्यंतचा, नवास आठ या प्रमाणाचा, एक लहानसा पट्टा उरतो. सप्तक ही एकसंध इमारत नव्हे. तीं सारख्या मापाचीं दोन घरें आहेत आणि मधोमध एक अंगण.

ग्रीक लोक या घराला 'टेट्राकॉर्ड', म्हणजे चार तारांचा समूह, म्हणत. आपण त्याला स्वरचतुष्टय म्हणूं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत दक्षिण इटलींतील टारेंटम येथील ॲरिस्टॉक्झेनस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथांत या घराची व्यवस्था मोठ्या बारकाईनें सांगितली आहे. टोकाचे दोन स्वर 'उभे', म्हणजे अचल. मधले दोन 'फिरते'. आपल्याकडील एकत्र कुटुंबांत वडीलधारी मंडळी ओटीवर आणि माजघरांत ठाण मांडून बसलेली असते आणि सारी धांवपळ धाकट्यांची चाललेली असते. तशीच ही रचना. मधले दोन स्वर कोठें उभे राहतात त्यावरून चतुष्टयाची जात ठरे. अशा तीन जाती मुख्य होत्या. खालून अर्धा स्वर, मग एक, मग एक, अशीं पावलें पडलीं तर ती डायाटोनिक. आपल्या कानाला हें भैरवीचें 'सा रे ग म' आहे. अर्धा, पुन्हां अर्धा आणि मग दीड स्वराची उडी, ही क्रोमॅटिक. आणि पाव स्वर, पुन्हां पाव स्वर, आणि मग एकदम दोन स्वरांची झेप, ही एनहार्मोनिक. हिच्यांत मधले दोघेही खालच्या भिंतीला अगदीं बिलगून बसलेले असतात आणि वरचें अर्धेंअधिक घर मोकळें असतें. वरच्या फिरत्या स्वराचें ग्रीक नांव 'लिखानोस', म्हणजे तर्जनी. जें बोट त्या तारेवर पडे त्याचेंच नांव स्वराला मिळालें. सिद्धान्त मागाहून आला. हात आधीं होता.

आपल्या भरतमुनींनीं चार स्वरांच्या तुकड्याचें स्वतंत्र शास्त्र मांडलें नाहीं. पण त्यांनीं षड्जग्रामाच्या बावीस श्रुति ज्या रीतीनें वाटल्या आहेत ती रीत या दृष्टीनें तपासण्यासारखी आहे. षड्जापासून ऋषभ तीन श्रुतींवर, तेथून गांधार दोन, तेथून मध्यम चार, एकूण नऊ. मध्यमापासून पंचम चार श्रुतींवर. मग पंचमापासून धैवत तीन, तेथून निषाद दोन, तेथून वरचा षड्ज चार, पुन्हां नऊच. नऊ, चार आणि नऊ मिळून बावीस. तींच दोन घरें आणि तेंच अंगण. इतकेंच नव्हे तर दोन्ही घरांतील माणसेंही त्याच अंतरांवर बसलेलीं. ज्या स्वरांमध्यें नऊ किंवा तेरा श्रुतींचें अंतर असेल ते परस्परांचे संवादी, असें भरतांनीं सांगितलें आहे. नऊ म्हणजे षड्ज-मध्यम, तेरा म्हणजे षड्ज-पंचम. माझ्या मोजपट्टीवरील ५४ आणि ४८ त्या हेच.

बगदादच्या वादकांनीं हीच गोष्ट बोटांनीं सिद्ध केली. अरबांचें मुख्य तंतुवाद्य ऊद. त्याच्या तारा एकमेकींपासून षड्ज-मध्यम अंतरावर लावीत. त्यामुळें एका तारेवर वादकाचा पंजा न हलतां जेवढे स्वर निघत तें बरोबर एक चतुष्टय होई: मोकळी तार, तर्जनी, मग मध्यमा किंवा अनामिका, आणि शेवटीं करंगळी. करंगळी संपली कीं पुढची तार. टोकें पक्कीं; प्रश्न काय तो मध्यमा कोठें पडावी एवढाच. हारून-अल्-रशीदच्या दरबारांतील झल्झल नांवाच्या वादकानें आठव्या शतकाच्या अखेरीस तिच्यासाठीं एक नवाच पडदा रूढ केला, आणि तो 'झल्झलची मध्यमा' म्हणून प्रसिद्ध झाला. दहाव्या शतकांतील थोर तत्त्ववेत्ता अल्-फाराबी यानें त्याचें प्रमाण सत्तावीसास बावीस असें दिलें आहे. माझ्या ७२ सेंटिमीटरांच्या तारेवर हें बसवून पाहावें. कोमल गांधार ६० वर येतो, शुद्ध गांधार ५७.६ वर, आणि झल्झलचा गांधार ५८.७ च्या आसपास. तो कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे. आपल्या कानाला तो प्रथम चुकलेला वाटतो. अरबी गायनांत रास्त नांवाचें जें चतुष्टय आहे त्याचा प्राण मात्र असल्याच मधल्या गांधारांत आहे.

या चतुष्टयांना अरबी संगीतांत 'जिन्स' म्हणतात. ग्रीक ग्रंथांचीं भाषांतरें बगदादेस झालीं तेव्हां जातिवाचक 'गेनोस' हा ग्रीक शब्द अरबींत जाऊन त्याचा जिन्स झाला. तोच पुढें फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला आणि वाण्याच्या दुकानांत 'जिन्नस' होऊन बसला. गूळ-खोबऱ्याच्या यादींत आपण ज्या शब्दानें चार जिन्नस मागवितों, त्याच शब्दानें कैरोचा गवई आपले चार स्वर ओळखतो! तेराव्या शतकांत, मंगोलांनीं १२५८ सालीं बगदाद लुटलें त्या काळांत हयात असलेल्या सफी-अद्-दीन उर्मवी यानें चार स्वरांचे सात प्रकार आणि पांच स्वरांचे बारा प्रकार एकमेकांस जोडून ८४ स्वरमालिका मांडल्या. घरें थोडीं, जोडण्या पुष्कळ.

हाच गुणाकार सतराव्या शतकाच्या मध्यास तंजावरास झाला. व्यंकटमखी या पंडितानें 'चतुर्दण्डिप्रकाशिका' ग्रंथांत पूर्वांगाचे सहा आणि उत्तरांगाचे सहा प्रकार घेतले, त्यांचे छत्तीस मेळ केले, आणि मध्यम एकदां शुद्ध व एकदां तीव्र धरून त्यांचे ७२ केले. त्यांपैकीं त्याच्या काळीं प्रत्यक्ष प्रचारांत होते ते अवघे एकोणीस. बाकीचीं घरें बांधून रिकामीं ठेविलेलीं होतीं. त्यांत राहावयास पुढें माणसें आलीं. पुढील शतकांत त्याच तंजावरच्या गादीवरील तुळजाराजे भोसले (राज्यकाल १७२८–१७३६) यांनीं 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. घाटावरून कावेरीकांठीं गेलेलें मराठ्यांचें एक घराणें दक्षिणेच्या गायनशास्त्राचा संसार सांभाळीत होतें, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं.

१९०४ सालीं विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले. व्यंकटमखीची ही मेळपद्धति त्यांनीं अभ्यासली, आणि १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा गुरुशिष्यसंवादाचा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. बहात्तरांच्या जागीं त्यांनीं उत्तरेच्या गायकीसाठीं दहा थाट पुरेसे मानले. या दहांची वाटणी वाचकांनीं एकदां करून पाहावी. शुद्ध मध्यमाच्या सहा थाटांत पूर्वांगाच्या आकृति चारच मिळतात: बिलावलाची, काफीची, भैरवीची आणि भैरवाची. दहाही थाटांचीं उत्तरांगें पाहिलीं तर तेथेंही त्याच चार आकृति पंचमावर बसलेल्या दिसतात. बिलावल, काफी, भैरवी आणि भैरव या चौघांत दोन्ही घरें एकाच घडणीचीं आहेत. अहिर भैरव ऐकतांना मन कांहीं वेळ गोंधळतें आणि मग लुब्ध होतें, त्याचें कारणही हेंच: खालचें घर भैरवाचें आणि वरचें काफीचें. खमाजांत आणखी एक गंमत आहे. 'सा रे ग म' आणि 'म प ध नि' या दोन सारख्या आकृतींना मध्यम हा एकच स्वर सामायिक आहे. ग्रीकांनीं अशा जोडणीला निराळें नांव दिलें होतें. येथें दोन घरांत अंगण नाहीं. एकच भिंत दोघांची.

मात्र आपल्या संगीतानें हा नियम सर्वत्र पाळला आहे असें नाहीं. कल्याण, मारवा, पूर्वी आणि तोडी या थाटांत मध्यम तीव्र होतो. म्हणजे वडीलधाऱ्यांपैकीं एकजण जागचा उठून चालूं लागतो. संध्याकाळच्या रागांतील हुरहूर बरीचशी या उठून गेलेल्या मध्यमाची आहे, असें मला नेहमीं वाटत आलें आहे. ती हुरहूर जाणवते याचाच अर्थ असा कीं मध्यमाची मूळ जागा कानाला ठाऊक आहे.

पूर्वेच्या टोकाला जपान. तेथील संगीतज्ञ फुमिओ कोइझुमी (१९२७–१९८३) यांनीं १९५८ सालीं आपल्या देशाच्या परंपरागत गायनाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यांत हेंच माप हातीं घेतलें. टोकें तींच, षड्ज-मध्यम अंतराचीं. फरक इतकाच कीं आंत दोनांऐवजीं एकच स्वर. तो एक स्वर चार जागीं उभा राहूं शकतो आणि त्यावरून चार जाती होतात. त्या जाती आपल्या सरगमांत मांडून पाहिल्या तेव्हां मला जुनीं ओळखीचीं माणसें भेटल्यासारखें झालें. 'सा', कोमल 'रे', 'म' हें घर दोनदां रचलें कीं आपल्या गुणक्रीचे स्वर मिळतात. शुद्ध 'रे' घेऊन रचलें कीं दुर्गा. कोमल 'ग' घेऊन धानी. शुद्ध 'ग' घेऊन तिलंगाचा आरोह. जपानी नाविकाला दुर्गा कोणीं शिकविला नव्हता, आणि आपल्या गवयांनीं जपान पाहिला नव्हता.

असें साम्य दिसलें कीं 'कोणीं कोणापासून घेतलें?' हा प्रश्न आपल्या सुशिक्षित मंडळींत तत्काळ उठतो. एक पक्ष सारें ग्रीसमधून आलें म्हणतो, दुसरा सारें आपल्याकडूनच गेलें म्हणतो, आणि दोघांचेही आवाज बघतां बघतां तार सप्तकांत जातात. जिन्स या शब्दासारखी देवघेव जेथें प्रत्यक्ष दिसते तेथें ती मानावी. पण चारास तीन हें प्रमाण कोणाच्या बापजाद्यांची मिळकत नव्हे. ताणलेली तार आणि ऐकणारा कान जेथें एकत्र आले तेथें तें आपोआप सांपडणार. टोकाचे दोन स्वर निसर्गानें दिलेले आहेत; ते सर्वांचे सारखे. वेगळेपण आहे तें आंतल्या दोघांत. बगदादनें आपली मध्यमा कोठें ठेवली, तंजावरनें ऋषभाला किती रूपें दिलीं, भैरवांतला ऋषभ किती खालून डोलवावा, या गोष्टी तारेवर लिहिलेल्या नसतात. त्या त्या लोकांनीं ऐकून ठरविलेल्या आणि ऐकवून पुढें दिलेल्या आहेत.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं पिठाची गिरणी आली होती; तरी सणासुदीचें दळण आजी जात्यावरच काढी. पहांटे तिच्या ओव्या सुरू होत. घरांत गाण्याचें वेड होतें. वडिलांपाशीं नामांकित गवयांच्या तबकड्या होत्या, पाहुण्यांपुढें त्यांची बैठक होई, आणि त्या बैठकींत घराण्यांची चर्चा चाले. आजीच्या ओव्यांना मात्र कोणी गाणें म्हणत नसे. आजी स्वतःही म्हणत नसे. तिचा सारा व्यवहार षड्ज आणि मध्यम यांच्या दरम्यान होई. जातें जड झालें कीं आवाज मध्यमाला टेके, घास टाकतांना पुन्हां खालीं येई. पंचम तिला लागला नाहीं कीं हवासा वाटला नाहीं. त्या चार स्वरांतला तिचा गांधार कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. झल्झलच्या गांधाराविषयीं मी पुढें कित्येक वर्षांनीं वाचलें, तेव्हां ५८.७ या आंकड्यावर मला प्रथम जात्याची घरघर ऐकूं आली. आजीच्या आवाजाचें मुद्रण कोणीं केलें नाहीं; मुद्रण करावें असें तें कांहीं आहे ही कल्पनाच त्या काळच्या घरांत नव्हती. तिचे षड्ज-मध्यम मी केव्हांही तारेवर वाजवून दाखवूं शकतों. तिचा गांधार मला वाजवितां येत नाहीं. तो फक्त आठवतो.

अशा रीतीनें एक स्वर गेला तर जगाचें काय अडतें, असें कोणी विचारील. ॲरिस्टॉक्झेनसच्या ग्रंथांत याच दुःखाची एक नोंद आहे. पाव-पाव स्वरांची ती एनहार्मोनिक जात जुन्या लोकांनीं सर्वांत थोर मानलेली. पण त्याच्या काळच्या गायकांना गोडवा हवा होता. म्हणून ते वरचा फिरता स्वर हळूहळू चढवीत गेले आणि ती जात ओळखणारे कानच विरळ झाले, अशी त्याची तक्रार आहे. कोणीं तिच्यावर बंदी घातली नव्हती. कोणीं तिचा द्वेष केला नव्हता. थोड्याशा गोडव्यासाठीं तिला बाजूस सारलें, आणि मग ती ऐकण्याची शक्तिच उरली नाहीं. तिचीं गणितें आज पुस्तकांत शाबूत आहेत. टारेंटमच्याच आर्किटास यानें तिचीं प्रमाणें दिलीं आहेत, त्यांवरून मी सोनोमीटरवर त्या जागा काढूं शकतों. आंकडे टिकले, परंतु ते आंकडे ज्यांना गोड लागत ते कान कोठून आणावे?

युरोपानें पुढें एक मोठा सौदा केला. अनेक स्वर एकाच वेळीं वाजवून जें अपूर्व सुरावटींचें वैभव त्यांना उभारावयाचें होतें, त्यासाठीं त्यांनीं सप्तकाचे बारा समान भाग पाडले. माझ्या तारेवर हा सौदा स्पष्ट दिसतो. समान भागांचा मध्यम ५४ च्या ऐवजीं ५३.९४ वर येतो. एका मिलिमीटरचाही फरक नाहीं. परंतु कोमल गांधार ६० वरून साडेसाठांच्या किंचित् पुढें सरकतो. म्हणजे पांच मिलिमीटरांहून अधिक. शुद्ध गांधारही तितकाच नव्हे तरी जवळजवळ तितका ढळतो. भिंतींना धक्का लागत नाहीं; हलतात ते आंतले दोघे. या मोबदल्यांत युरोपाला जें मिळालें तें थोर आहे, हें मी मनापासून मानतों. माँटेव्हर्डीनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका विलापिकेंत तार षड्जापासून पंचमापर्यंत उतरणारे चारच स्वर, भैरवीच्या वळणाचे, खर्जांत अखंड फिरत राहतात आणि त्यांच्यावर एक स्त्री शोक करते. चार स्वरांत किती दुःख मावतें हें तेथें ऐकावें. पण तो सौदा त्यांचा होता; त्यांच्या गरजेंतून झालेला. इतरांच्या दारांत तो पेटींत बंद होऊन आला.

१९३२ सालीं कैरो येथें अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिट यांसारखे युरोपीय संगीतकारही तीस आले होते. सप्तकाचे चोवीस समान भाग करावे कीं नाहीं, पियानोला अरबी संगीतांत प्रवेश द्यावा कीं नाहीं, यांवर कडाक्याचे वाद झाले आणि एकमत झालें नाहीं. वाद भिंतींविषयीं नव्हता. झल्झलच्या मध्यमेविषयीं होता. आपल्याकडे १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ मध्यें सैल होईपर्यंत चालली, तिच्या मुळाशींही हाच प्रश्न होता. बंदीनें प्रश्न सुटला असें मला वाटत नाहीं. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या बोटांखालीं पेटी गात होती, आणि मराठी रंगभूमीचें गाणें तिच्या सोबतीनें वाढलें. साथीला पेटी असली म्हणून गवयाचा गांधार बिघडत नाहीं. गांधार पेटीपासून शिकला तर बिघडतो. पेटी पाहुणी म्हणून आली तर तिचें स्वागत करावें. तिला घरांत वडीलपण देऊं नये.

आतां पेटीही जड झाली. गेल्या वर्षीं माझी एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. ती एका ज्येष्ठ गायकांपाशीं गाणें शिकते. तिच्या मोबाइलवर एक ॲप होतें. त्यापुढें स्वर लावला कीं दिवा लागतो, बरोबर असला तर हिरवा, नसला तर तांबडा. ती म्हणाली, "सर, दरबारीचा गांधार गुरुजी लावतात तसा लावला कीं दिवा तांबडा होतो. हिरवा होतो तेव्हां गुरुजी नाहीं म्हणतात. खरें कोणाचें मानूं?" प्रश्न तिनें चेष्टेनें विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतें. परीक्षा जवळ आली होती, आणि दोन गुरूंमध्यें सांपडलेल्या माणसाची जी अवस्था होते ती तिची झाली होती.

मीं तिला सोनोमीटरपाशीं नेलें. मध्यमावर घोडी ठेवली आणि ॲपला ऐकविलें: हिरवा. पंचम: हिरवा. मग ६० वर आणली, जेथें कोमल गांधार षड्जाशीं गणितानें जुळतो: दिवा तांबडा. तिला हंसूं आलें. यंत्र खोटें बोलत नाहीं, मीं तिला सांगितलें. त्याला पियानोचे बारा भाग ठाऊक आहेत आणि तेवढ्यापुरतें तें प्रामाणिक आहे. दरबारीचा गांधार तर ६० वरही बसून राहत नाहीं; तो खालून येतो, डोलतो, आणि मध्यमाकडे पाहत परततो. डोलणाऱ्याला दिव्याखालीं उभें करून त्याची जागा विचारणें हाच अन्याय आहे. मी आंकड्यांचा माणूस आहें आणि आंकड्यांवर माझें प्रेम आहे. ते टोकाच्या दोन स्वरांविषयीं बोलतात तेव्हां त्यांचा शब्द अखेरचा मानावा. आंतल्या दोघांविषयीं मात्र ते झालेलें सांगतात. काय व्हावें हें सांगत नाहींत. तें गुरूचा गळा सांगतो आणि शिष्याचा कान ऐकतो. तिसरें साधन अद्याप निघालेलें नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांपाशीं एक साधें मागणें करावेंसें वाटतें. मुलांना गाणें शिकवितां तें उत्तमच. पण वाद्य हातीं देण्यापूर्वीं त्यांना पुष्कळ माणसांचें गाणें समोर बसून ऐकूं द्यावें. घरांत एखादी वृद्ध आजी, मावशी, आत्या असेल आणि तिला जात्यावरची ओवी, पाळणा, भोंडल्याचें गाणें येत असेल, तर तें लिहून घेण्यावर समाधान मानूं नये. शब्द कागदावर उतरतात, स्वर उतरत नाहींत. तिच्याबरोबर मुलांना तें म्हणूं द्यावें, तिच्या गळ्यासारखें वळेपर्यंत. चारच स्वर असतील, असूं द्यावेत. षड्ज आणि मध्यम यांची काळजी करण्याचें कारण नाहीं. उद्यां सारीं पुस्तकें आणि सारीं वाद्यें नष्ट झालीं तरी कोठलें तरी पोर कोठली तरी तार ताणील आणि तीं दोन टोकें पुन्हां शोधून काढील. आंतले दोन मात्र कोणाला सांपडणार नाहींत. ते तारेच्या स्वाधीन नाहींत, आपल्या स्वाधीन आहेत.